नवेगावबांध परिसरातील रानफेरी : पडीक बांध्या, मुरमाची खदान आणि मामा तलाव

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या आसपासच्या एका गावाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर पाहुण्यांसाठी एक रानफेरी सुरू केली आहे. वाघ दाखवण्याचे आश्वासन या फेरीत नाही, जिप्सी नाही आणि प्रवेशद्वारावरची रांगही नाही. सकाळी चावडीपासून निघायचे, धानाच्या बांध्या (भाताची खाचरे), पडीक जमिनी, जुनी मुरमाची खदान आणि गावराखीव रान पार करत दुपारपर्यंत मामा तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावाच्या) पाळीवर पोहोचायचे आणि एकाच शिवारातील वनस्पती-प्राण्यांचे समुदाय काळाबरोबर कसकसे बदलत गेले ते वाटेत थांबून पाहायचे, असा तिचा बेत आहे. माणशी २०० रुपये फी असून जेवण हवे असल्यास १५० रुपये वेगळे द्यावे लागतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गाला अनुक्रमण, म्हणजे एखाद्या जागेवरचे वनस्पती-प्राण्यांचे समुदाय काळाबरोबर बदलत जाण्याचा क्रम, हा भाग फळ्यावर बाण काढून शिकवण्याचा वीट आला होता, म्हणून मुलामुलींची एक तुकडी घेऊन मी या फेरीला गेले.

आधी निकाल सांगते. जंगल कसे घडते आणि कुठे अडते, हे इतक्या थोड्या अंतरात आणि इतक्या नेमक्या पुराव्यांसह दाखवणारी दुसरी सोय आमच्या भागात माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे पैसे पुरेपूर वसूल होतात. मात्र चावडीवर हातात पडणारे पत्रक आणि पायवाटेवर कानांवर पडणारे बोलणे यांचा मेळ बसत नाही. पत्रकावर पाच चित्रे आहेत: उघडी जमीन, गवत, झुडपे, कोवळे रान आणि घनदाट जंगल. जमिनीला माणसाने हात लावला नाही तर ती आपोआप या पायऱ्या चढत जंगल होते, असे त्यांच्याखाली छापले आहे. पुढच्या चारेक तासांत वाटाडे जे जे दाखवतात, ते जवळजवळ सगळे या वाक्याच्या विरुद्ध जाते.

पायऱ्यांची ही कल्पना गावकऱ्यांची नाही, ती पाठ्यपुस्तकांतून आली आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स यांनी १८९९ साली अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास केला आणि पाण्यापासून जसजसे आत जावे तसतशा अधिक जुन्या टेकड्या आणि त्यांवर निरनिराळे वनस्पती-समुदाय कसे लागतात ते नोंदवले. पुढे १९१६ साली फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी असा सिद्धान्त मांडला की, समुदाय हा एखाद्या सजीवासारखा जन्मतो, वाढतो आणि त्या त्या हवामानाने ठरवून दिलेल्या एकाच चरम अवस्थेला पोहोचून स्थिरावतो. दहाच वर्षांनी, १९२६ मध्ये, हेन्री ग्लीसन यांनी त्याला हरकत घेतली. प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार आणि तिचे बी जिथे पोहोचेल तिथे वाढते, समुदाय म्हणजे अशा वाटसरूंची एका ठिकाणी पडलेली गाठ, तिला ठरलेला शेवट नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य व्हायला पंचवीस-तीस वर्षे जावी लागली. आमच्या फळ्यावर मात्र अजून क्लेमेंट्सच जिंकत आले आहेत, आणि या पत्रकावरही.

झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाचे, रान शुष्क पानझडी वनांत मोडते. सागवान, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बीजा, चारोळी ही त्यातली नेहमीची मंडळी. पाऊस साधारण तेराशे मिलिमीटर आणि त्याहून अधिकही पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने झाडांना कोरड्यात काढावे लागतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाने गाळून बसणे हाच इथला रिवाज आहे. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, बुलडाणा-अकोल्याकडे, पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरपर्यंत उतरतो, खडक बेसाल्टचा आणि माती काळी असते, आणि तिथल्या माळावर बाभूळ, बोर आणि गवताचे राज्य चालते. पाऊस, तापमान आणि माती यांवरून एखाद्या प्रदेशात कोणती जीवसंहती (हवामानानुसार ठरणारा वनस्पती-प्राण्यांचा मोठा समूह) असावी याचा ढोबळ अंदाज बांधता येतो, एवढे यावरून खरे ठरते. परंतु त्या जीवसंहतीच्या आत, एका गावाच्या शिवारात, एका बांधीत तरोटा आणि पलीकडच्या धुऱ्यावर तेंदू का, हे पर्जन्यमानाच्या आकड्यावरून कळत नाही. या फेरीचे खरे मोल तिथे सुरू होते.

पहिला थांबा दोन वर्षे पडीक असलेल्या धानाच्या बांधीचा आहे. मालक शहरात कंपनीत कामाला गेला, रोवणीला मजूर परवडेना, बांधी पडली. ही कथा आता प्रत्येक गावात आहे. आज तिथे तरोटा, रानतुळस आणि गाजरगवत कमरेपर्यंत माजले आहे आणि पाणी साचते त्या खोलगट भागात लव्हाळा पसरला आहे. एका हंगामात उगवून, भरमसाट बी टाकून मरून जाणाऱ्या या वनस्पतींना उघडी जमीन आणि भरपूर ऊन लागते. सावली पडली की त्यांचा अंमल संपतो. एवढे पुस्तकातही आहे. पुस्तकात नसलेली गोष्ट वाटाड्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होती: एक पितळी लोटा आणि तळ कापून काढलेला पत्र्याचा डबा. डबा जमिनीत दोन बोटे रुतवायचा, त्यात लोटाभर पाणी ओतायचे आणि ते किती वेळात मुरते ते सगळ्यांनी उभे राहून पाहायचे. बांधीत पाणी हलेचना. मुले कंटाळली, एकाने घड्याळ पाहिले, दुसऱ्याने डबा फुटका नाही ना ते तपासले, तरी पाणी डब्यात तसेच. मग वाटाड्याने खुरप्याने कडेची माती उकरली आणि वीतभर खाली लागलेला घट्ट, चिकट थर मुलांना बोटांनी दाबून पाहायला लावला. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून, नांगराखाली आणि बैलांच्या खुरांखाली तुडवून हा थर मुद्दाम तयार केलेला असतो, कारण धानाला पाणी उभे राहायला हवे. शेती थांबली म्हणून तो थर नाहीसा होत नाही. पावसाळ्यात त्यावर पाणी तुंबते आणि कोवळ्या रोपांची मुळे गुदमरतात, उन्हाळ्यात तोच थर विटेसारखा कडक होतो.

पुढची बांधी सात-आठ वर्षांची आहे आणि ती पाहताना मुलांनी आपण होऊन पहिले निरीक्षण नोंदवले. झाडे फक्त पारींवर, म्हणजे बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधांवर, आणि पारींच्या कडेने हातभर आत आली होती, मध्यभागी अजून गवतच होते. याची दोन कारणे आम्हाला तिथेच समजावून सांगण्यात आली. पार उंच असते, तिच्यावर चिखलणी झालेली नसते, त्यामुळे मुळांना हवा मिळते. दुसरे कारण पक्ष्यांचे. बुलबुल आणि साळुंकी बोरे खाऊन पारीवरच्या पळसावर येऊन बसतात आणि ज्या फांदीवर बसतात तिच्याखालीच बी टाकतात. मधल्या मोकळ्या जागेत बसायला फांदीच नाही, तर तिथे बी पडणार कसे? पुढे उंदीर, खेकडे आणि वाळवी यांनी पाडलेली भोके आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ वाटा या थराला हळूहळू सच्छिद्र करत जातात. दोन लोटे पाणी आणि एक खुरपे यांच्या जोरावर एवढे शिकवणारा माणूस स्वतः दहावीपर्यंत शिकलेला आहे, हे मला नंतर जेवताना कळले. माझ्या कित्येक सहकाऱ्यांपेक्षा त्याची पद्धत चांगली आहे, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

त्याच वयाची, म्हणजे सात-आठ वर्षेच पडीक असलेली, पण बर्डीवरची जमीन त्याने मुद्दाम लगेच दाखवली. झाडीपट्टीत शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी अशी नावे देतात. त्यातली बर्डी म्हणजे चढावरची हलकी, मुरमाड जमीन. तिथे चिखलणी कधी झालीच नव्हती, तूर-तीळ होत असे. इथे तेंदू आणि पळस डोक्याच्या वर गेले होते आणि डब्यातले पाणी पाहता पाहता मुरले. पाऊस तोच, वय तेच, अंतर हाक मारल्यास ऐकू येईल इतकेच, तरी एकीकडे गवत आणि दुसरीकडे उभे राहू पाहणारे रान. वेगवेगळ्या वयांच्या जागा शेजारी शेजारी पाहून काळाचा क्रम जुळवण्याची युक्ती परिसंस्थाशास्त्रज्ञ नेहमीच वापरतात, कारण शंभर वर्षे एका जागी बसून पाहणे कोणालाच शक्य नसते. परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले असते की, वय सोडले तर बाकी सगळे सारखे आहे. ते गृहीतक किती फसवे ठरू शकते, हे या दोन जमिनींनी माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा नीट सांगितले.

बर्डीवरचे तेंदू-पळस इतक्या लवकर वर आले याचे आणखी एक कारण जमिनीखाली आहे. वाटाड्याच्या पिशवीत एक वाळलेले तेंदूचे मूळ असते. प्रत्येक तुकडीसाठी नवे रोप उपटावे लागू नये म्हणून तेच सगळ्यांना दाखवले जाते आणि ही काळजी मला फार आवडली. वरचा शेंडा पेन्सिलीएवढा बारीक आणि खालचे मूळ मनगटाएवढे जाड. ज्या शेतात ही झाडे होती तिथे ती दरवर्षी नांगराने कापली गेली आणि दरवर्षी मुळापासून पुन्हा फुटली. शेत पडीक पडताच त्यांना नव्याने सुरुवात करावीच लागली नाही. जंगलातही तेच घडते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग कधी पसरते, कधी तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून ती लावलीही जाते. जमिनीलगत धावणाऱ्या या आगीत मोठी झाडे वाचतात, कारण ऐनासारख्यांची साल जाड असते, पण रोपे जळतात आणि पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटतात. शेंडा या वर्षीचा आणि मूळ कित्येक वर्षांचे, अशी रोपे रानात सर्वत्र असतात. ज्या जातींना मुळापासून फुटता येत नाही त्या अशा आगीत मागे पडतात आणि ज्यांना येते त्या रानावर ताबा मिळवतात. दोन-तीन वर्षे आग आली नाही तर शेंडा ज्वाळेच्या वर निघून जातो आणि मग त्याचे झाड होते. म्हणजे इथल्या रानाची आजची घडण जेवढी पावसाने केली आहे तेवढीच मोहाच्या हंगामानेही केली आहे. हात न लावलेल्या जमिनीचे चित्र छापणाऱ्याने तेंदूचे हे एक मूळ हातात धरून पाहायला हवे होते.

एका विद्यार्थिनीने विचारले की, मग आग पूर्णपणे बंद केली तर? वाटाड्याने उत्तर दिले नाही. तो आम्हाला ओढ्याच्या अलीकडे रायमुनियाच्या (घाणेरीच्या) दाटीत घेऊन गेला. या पट्ट्यात गुरे आणि आग दोन्ही येऊ दिलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणलेली ही अमेरिकन वनस्पती इथे छातीइतकी उंच वाढली होती आणि तिच्याखाली वाकून पाहिले तर वाळका पाला आणि काटक्या यांच्याखेरीज काही नव्हते, गवताची पाती नाही की ऐनाचे रोप नाही. जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लेटियर यांनी १९७७ साली असे मांडले की, आधी आलेल्या जाती नंतरच्यांशी तीन तऱ्हांनी वागू शकतात: त्यांची वाट सुकर करतात, त्यांच्याशी काही देणेघेणे ठेवत नाहीत किंवा त्यांना अडवून धरतात. वर्गात हे तीन मुद्दे मुले पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. इथे तिन्ही एका सकाळीत पायाखालून गेले: पक्ष्यांना बसायला जागा देऊन बोरीला बोलावणारा पारीवरचा पळस, कोण आले-गेले याची पर्वा न करता मुळाशी तग धरून राहिलेला तेंदू आणि सगळ्यांची वाट रोखून बसलेला रायमुनिया.

मुरमाच्या खदानीचा थांबा फेरीत सर्वांत रुक्ष दिसतो आणि बहुतेक पाहुणे तिथे छायाचित्रही काढत नाहीत, असे वाटाडा म्हणाला. रस्त्याच्या कामासाठी वरची सगळी माती आणि मुरूम उचलून नेलेला हा खड्डा पंधरा-वीस वर्षांचा आहे, म्हणजे शेजारच्या दाट झालेल्या पडिकाहून जुना, तरी तिथे तुरळक कुसळी गवत आणि दोन-चार खुरटी झुडपे एवढेच आहे. पण गुडघे टेकून पाहिले तर पुष्कळ काही चाललेले असते. दगडांवर राखाडी आणि पिवळट दगडफुलांचे चट्टे आहेत, भेगांमध्ये वाऱ्याने आणि पाण्याने आणलेली चिमूटभर माती साठली आहे, त्या मातीवर शेवाळ आहे आणि शेवाळाच्या ओलाव्यात गवताची एकेक बी रुजली आहे. पडीक शेतात माती, बिया आणि जिवंत मुळे आधीपासून असतात, इथे त्यांतले काहीच नव्हते. पुस्तकातील प्राथमिक आणि दुय्यम अनुक्रमणातला फरक या दोन जागांइतका स्पष्ट मी कुठे पाहिलेला नाही. १८८३ च्या उद्रेकात क्राकाटोआ बेट राखेखाली गाडले गेले, नऊ महिन्यांनी तिथे गेलेल्या फ्रेंच मोहिमेला जाळे विणत असलेला एक कोळी तेवढा सापडला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत तिथे पुन्हा रान उभे राहिले, ही हकीकत मी मुलांना तिथेच सांगितली. तिथे पाऊस आमच्यापेक्षा भरपूर आहे. आमच्या खदानीला आठ महिने कोरड्यात काढायचे असल्याने तिची गती फार धिमी राहणार.

गावराखीव रानात वाटाडे फार बोलत नाहीत आणि ते योग्यच आहे. ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी केलेला हा पट्टा ऐन, बीजा, मोह आणि बेहडा यांच्या मोठ्या झाडांचा आहे. लोट्यातले पाणी इथे ओतता ओतताच जिरले. ज्यांना अधिक जुने आणि अधिक दाट रान पाहायचे असेल त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळचा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा सहा हेक्टरांचा पट्टा पाहावा. तो १९५३ पासून तोडीविना राखला गेला असून २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दोन्ही ठिकाणे पाहिल्यावर ‘चरम’ हा शब्द मी तरी जपूनच वापरीन, कारण पडलेल्या प्रत्येक जुन्या झाडाच्या जागी उजेडाची एक खिडकी उघडते आणि तिथे क्रम पुन्हा मागून सुरू होतो. म्हातारे रान हे असे वेगवेगळ्या वयांच्या तुकड्यांचे गोधडीसारखे जोडकाम असते.

फेरीचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग तलावाचा आहे. इथे वाटाड्याची जागा मासेमारी करणाऱ्या धीवर समाजातील एक मावशी घेतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणकारांनी त्यांतले अनेक बांधले आणि नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा सांगितली जाते. १९५१ मध्ये मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत) संपली, तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी या लांबलचक नावाचा मामा तलाव झाला. पाठ्यपुस्तकानुसार तलावाचेही अनुक्रमण ठरलेले असते: आधी तरंगते शेवाळ, मग पाण्याखालची पाणगवते, मग कमळे, मग काठावरून आत सरकणारे पाणकणीस, मग गाळाने भरलेली दलदल आणि शेवटी जंगल. हे खरे मानले तर तीनशे वर्षांच्या या उथळ तलावांची केव्हाच वने व्हायला हवी होती. तसे झाले नाही, कारण उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळ काढून शेतात टाकला जाई, पाळीची डागडुजी होई, धानाला पाणी सोडले जाई आणि मासेमारीच्या निमित्ताने धीवरांचा पाण्यात रोजचा वावर असे. माणसाने हात लावला म्हणूनच तलाव तलाव राहिला.

पुढे गाळ साचत गेला, काठावर बेशरम नावाचे झुडूप फोफावले आणि उत्पन्नासाठी रोहू, कतला यांच्याबरोबर गवत खाणारा ग्रास कार्पही सोडला गेला. पाणगवते संपली, पाणी गढूळ झाले आणि गवतात अंडी घालणारे, पिल्ले वाढवणारे गावठी मासे कमी झाले. मावशींनी हे एका वाक्यात सांगितले, “पानी गढूळ झाला का गवत मरते, अन् गवत मेला का पानी गढूळच रायते, मॅडम.” उथळ जलाशयांवरील गेल्या काही दशकांच्या संशोधनाचे सार याहून थोडक्यात सांगता येणार नाही. पाण्याखालचे गवत गाळ धरून ठेवते आणि पोषकद्रव्ये शोषून घेते, त्यामुळे पाणी निवळ राहते आणि निवळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचल्यामुळे गवत जगते. हे चक्र एकदा तुटले की शेवाळ आणि गढूळपणा एकमेकांना पोसत राहतात. म्हणजे एकाच तलावाच्या दोन अवस्था असतात, दोन्ही आपापल्या जागी टिकाऊ, आणि नुसते सोडून दिल्याने एकीतून दुसरीत जाता येत नाही.

म्हणून गावातील बायकांच्या गटाने काय केले, ते मावशी पाळीवर उभे राहून दाखवतात. पाऊस येण्याआधी, तळ उघडा असताना, बेशरम मुळासकट खणून काढला. वरून छाटल्यास तो कांडीकांडीवर फुटतो. मग चांगल्या तलावातून पाणगवतांची मुळे आणि कंद आणून काठापासून खोलाकडे, ज्याला जेवढे पाणी मानवते त्या अंतरावर लावले: काठाशी देवधान, मग कमळाचे पट्टे आणि खोलात पाण्याखाली राहणारी गवते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या भागातील धीवरांबरोबर अशाच तऱ्हेचे काम अनेक तलावांवर केले आहे, त्याची इथे आठवण होते. देवधान म्हणजे नांगराविना उगवणारा रानभात, ऋषिपंचमीला चालणारा. त्याच्या दाटीत आता मरळाची पिल्ले वाढतात आणि जांभळ्या पाणकोंबड्या घरटी करतात. कोणत्या खोलीवर काय लावायचे हे त्यांना कोणी सांगितले, असे मी विचारले. मावशी हसल्या आणि पाय पाण्यात किती बुडतो त्यावरून कळते म्हणाल्या.

आता उणिवा. आम्ही ठरल्या वेळी पोहोचलो, पण वाघाच्या आशेने आलेल्या एका मोठ्या गटाची वाट पाहण्यात सकाळचा थंड वेळ गेला आणि शेवटी तो गट खदानीपासूनच माघारी फिरला. तीस जणांना एका वाटाड्यामागे चालवणे अवघड आहे. मागच्या दहांना लोट्याचा प्रयोग दिसतच नाही, त्यामुळे तुकडी पंधरांवर नेऊ नये. बायकांसाठी स्वच्छतागृह फक्त शाळेत आहे आणि रविवारी शाळेला कुलूप असते. मावशींच्या वाट्याला शेवटचा अर्धा तास येतो, तेव्हा मुले भुकेली आणि उन्हाने कावलेली असतात. थंडीच्या दिवसांत तरी फेरी उलट दिशेने, तलावापासून सुरू करावी, म्हणजे पाणपक्षीही सकाळी नीट दिसतील. सारस दिसेल अशी हमी कोणी देत नाही, देऊही नये.

पत्रकाबद्दल मी आयोजकांशी बोलले. ती चित्रे एका जुन्या पुस्तकातून घेतली आहेत, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांच्याजवळ याहून चांगला मजकूर तयारच आहे. गावाचा हाताने काढलेला नकाशा ग्रामसभेच्या खोलीत भिंतीवर लावलेला आहे. त्यात कोणती बांधी कधी पडली, आग कोणत्या वर्षी कुठपर्यंत आली, गुरे कुठे चरतात आणि तलावात कोणते गवत कुठे लावले, हे सगळे रंगीत खडूंनी दाखवले आहे. तोच छापावा.

जेवण साधे आणि उत्तम होते: भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, तळलेले झिंगे आणि आंबाडीची भाजी. झिंगे संपले तेव्हा दुसऱ्यांदा मागणाऱ्यांत मीही होते.

गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरील अर्जुनी स्थानकावर उतरून पुढे एसटीने किंवा ऑटोने जाता येते. पावसाळ्यात फेरी बंद असते. तलाव आणि गवत पाहायचे असल्यास दिवाळीनंतरचे दिवस चांगले, मात्र धानकापणी ऐन भरात असेल तेव्हा वाटाडे मिळत नाहीत, म्हणून आठवडाभर आधी फोन करावा. पळस फुलल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळ आणि आगीच्या खुणा अधिक स्पष्ट दिसतात, पण ऊन सोसवत नसेल त्यांनी त्या दिवसांत जाऊ नये. पैसे रोख न्यावेत. शाळा-महाविद्यालयांना फीत सवलत मिळते, ती आधी बोलून घ्यावी लागते, आणि मुलांबरोबर एक जास्तीचा लोटा व डबा न्यावा, म्हणजे मागच्यांनाही पाणी मुरताना दिसेल.